रोज एकच वचन: हेर्नहूटच्या ‘लोझुंगन’ पुस्तिकेचं परीक्षण

ख्रिस्ती घरांत रोजच्या मननाच्या पुस्तिकांना तोटा नाही. वर एक वचन, त्याखाली कोणाचा तरी अनुभव, शेवटी दोन ओळींची प्रार्थना, असा बहुतेकींचा साचा असतो. हेर्नहूटच्या पुस्तिकेत अनुभव नाही, स्पष्टीकरण नाही, उपदेशही नाही. तारीख, जुन्या करारातलं एक वचन, नव्या करारातलं एक वचन, आणि एखाद्या गीताचं कडवं किंवा छोटी प्रार्थना. बस. जर्मनीत हिला ‘लोझुंगन’ म्हणतात, इंग्रजी आवृत्तीचं नाव ‘मोरावियन डेली टेक्स्ट्स’. १७३१ पासून ती दरवर्षी निघते आहे आणि आज पन्नासहून अधिक भाषांत वाचली जाते.

‘उद्याची चिंता उद्याला’ हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वाक्य पाठ असूनही रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे असतात, अशांसाठी ही पुस्तिका कितपत कामाची? कामाची आहे, आणि तिच्या रचनेमुळेच कामाची आहे. मात्र चुकीच्या पद्धतीने वापरली तर हीच पुस्तिका चिंतेला खतपाणी घालते.

हेर्नहूट हे जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातलं, चेक आणि पोलिश सीमेजवळचं लहानसं गाव. धर्मछळामुळे मोरावियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या भागातून, निघालेल्या लोकांनी १७२२ मध्ये काउंट निकोलाउस फॉन त्सिन्त्सेनडॉर्फ यांच्या जमिनीवर ते वसवलं. याच मोरावियन मंडळीचे मिशनरी पुढे लडाखपर्यंत पोहोचले; लेहमधलं त्यांचं काम १८८५ पासूनचं. ३ मे १७२८ च्या संध्याकाळी गीतसभा संपल्यावर त्सिन्त्सेनडॉर्फ यांनी मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी म्हणून एका गीताच्या ओळी दिल्या. पुढे तो शिरस्ताच झाला. सकाळी मंडळीतलं कोणीतरी घरोघर जाऊन त्या दिवसाचं वचन सांगे आणि घरातल्यांची, त्यांच्या आत्मिक अवस्थेचीसुद्धा, विचारपूस करे. गाव तीस-बत्तीस घरांचं, म्हणून हे जमत होतं. तीन वर्षांत वचनं छापून आली. दारावरची विचारपूस अर्थातच छापता येत नाही, आणि आजच्या पुस्तिकेत सगळ्यात मोठी उणीव कोणती असेल तर तीच. तिची भरपाई वाचणाऱ्यालाच करावी लागते. कशी, ते पुढे येईलच.

वचन ठरतं कसं, हे विकत घेण्याआधी माहीत असलेलं बरं. जुन्या करारातली सुमारे १८०० वचनं निवडून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी हेर्नहूटमध्ये त्यांतून चिठ्ठी काढतात. ही चिठ्ठी त्या वर्षाच्या तीन वर्षं आधीच निघते, कारण पुढे वेगवेगळ्या भाषांतल्या आवृत्त्या तयार व्हायच्या असतात. नव्या करारातलं वचन चिठ्ठीने येत नाही. निघालेल्या वचनाला जोड म्हणून ते माणूस विचारपूर्वक शोधतो. तिसरा मजकूर, म्हणजे गीत किंवा प्रार्थना, तोही माणसानेच निवडलेला. म्हणजे पानावरच्या तीन भागांपैकी फक्त एक चिठ्ठीचा, आणि तोही आधीच निवडून ठेवलेल्या वचनांतला. वंशावळी, लढायांच्या याद्या, याजकांच्या वस्त्रांची मापं या १८०० मध्ये शोधू नयेत. त्यामुळे ही पुस्तिका म्हणजे बायबलवाचन, असं कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. जर्मन आवृत्तीत पानाच्या तळाशी दोन संदर्भ बारीक अक्षरांत दिलेले असतात: एक त्या आठवड्याच्या रविवारच्या विषयाला धरून, दुसरा सलग वाचनाचा. दुसरा रोज पाळला तर चार वर्षांत नवा करार पूर्ण होतो आणि आठ वर्षांत जुन्या कराराचा मोठा भाग. बहुतेकांची नजर त्या ओळीवरून नुसतीच फिरते, आणि तिथेच पुस्तिकेची निम्मी किंमत वाया जाते.

रचना डोळ्यांसमोर यावी म्हणून एकच जोडी पाहू, २० जुलै १९४४ ची. जुन्या करारातून स्तोत्र २०: कोणी रथांवर विसंबतात, कोणी घोड्यांवर, आम्ही मात्र परमेश्वराच्या नावाचं स्मरण करतो. जोडीला रोमकरांस पत्र, अध्याय ८, ओवी ३१: देव आपल्या बाजूचा असेल तर आपल्या विरुद्ध कोण? पहिलं वचन शस्त्रबळाचा भरवसा काढून घेतं, दुसरं रिकाम्या झालेल्या जागी काय ठेवायचं ते सांगतं. चांगल्या जोड्या अशाच चालतात: एक हात सोडवतो, दुसरा धरतो. सगळ्याच जोड्या इतक्या नेमक्या नसतात. कधी कधी दोन्हीकडे ‘प्रकाश’ शब्द आहे एवढ्यावरच काम भागवलेलं दिसतं.

ती तारीख मुद्दाम घेतली. त्या दिवशी हिटलरला मारण्याचा कट फसला. कटवाल्यांच्या वर्तुळातले पाळक डीट्रिख बॉनहोफर तेव्हा बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते आणि रोज हीच पुस्तिका वाचत होते. दुसऱ्या दिवशी, २१ जुलैला, मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कालच्या आणि आजच्या वचनांचा आनंदाने उल्लेख केला आहे. २१ चं वचन होतं स्तोत्र २३: परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. सोबत योहानाच्या दहाव्या अध्यायातला उत्तम मेंढपाळ. हे वाचून अंगावर काटा येतो, आणि नेमका इथेच बहुतेक वाचकांचा पाय घसरतो. वचनं वर्ष सुरू होण्याआधीच छापलेली होती. तीच ओळ त्या सकाळी हिटलरच्या सैन्यातल्या कित्येक सैनिकांनीही वाचली असणार. ‘देव आपल्या बाजूचा’ हे वचन हातात असताना कट फसला, आणि ९ एप्रिल १९४५ ला बॉनहोफर यांना फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिली गेली. त्या वचनाने निकालाची हमी दिली नव्हती, आणि बॉनहोफर यांनी ती मागितलीही नव्हती. एका दिवसापुरतं उभं राहायला लागणारं बळ त्यांना त्यातून मिळालं.

आपल्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाच्या वचनाचं कार्ड उचलायची पद्धत बऱ्याच मंडळ्यांत आहे. ज्यांना ती सवय आहे त्यांनी ही पुस्तिका जास्त जपून वापरावी. ‘मला काय आलं?’ हाच प्रश्न रोज सकाळी विचारायचा म्हटलं, तर चिंताग्रस्त माणसाच्या हाती रोजचं भविष्य दिल्यासारखं होतं. तपासणीच्या निकालाच्या दिवशी स्तोत्र २३ निघालं तर ‘मृत्यूच्या छायेची दरी’ वाचून घाम फुटतो. नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी इस्राएलावरच्या न्यायाचं वचन निघालं की दिवस सुरू होण्याआधीच हातपाय गळतात. अशा वेळी चूक वचनाची नसते. शेकडो वर्षांपूर्वी एका लोकसमूहाला सांगितलेली ओळ थेट आपल्या आजच्या कामाचा निकाल म्हणून वाचली गेली, एवढंच. चिठ्ठ्या टाकण्याची गोष्ट बायबलमध्ये आहे, हे खरं. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठीनेच झाली. पण तिथे आधी प्रार्थना आहे, दोन पात्र माणसं पुढे केलेली आहेत, आणि प्रश्न मंडळीचा आहे. मोरावियन लोक एके काळी लग्नं ठरवतानासुद्धा चिठ्ठी टाकत. ती प्रथा त्यांनी स्वतःच सोडली. वचनाची चिठ्ठी तेवढी ठेवली, कारण ती कोणाला काय कर म्हणून सांगत नाही.

मग चिठ्ठीचा फायदा काय? हाच, की वचन आपण निवडलेलं नसतं. काळजीने पोखरलेलं मन स्वतः वचन निवडायला बसलं की ठरलेल्या पाच-सहा ओळींकडेच वळतं: फिलिप्पै ४:६, १ पेत्र ५:७, यशया ४१:१०, आणि पुन्हा पहिल्यापासून. ही वचनं सोन्यासारखी आहेत, पण तीच तीच घोकून त्यांची गोळी होते. ती घ्यायची आणि परिणामाची वाट पाहायची. चिठ्ठीचं वचन कित्येकदा चिंतेशी संबंधितच नसतं. त्यात परक्यांशी न्यायाने वागण्याची आज्ञा असते, सृष्टीची स्तुती असते, नीनवेला पाठवलेला योना असतो. आपल्या काळजीभोवती घिरट्या घालणारं लक्ष ते जरा वेळ दुसरीकडे नेतं. पुस्तिकेचा सगळ्यात उपयोगी गुण हाच, आणि तो जाहिरातीत सांगता येण्यासारखा नाही.

वापरायची रीत साधी आहे. सकाळी दहा ते पंधरा मिनिटं पुरतात, पण ती फोनवरचे निरोप पाहण्याआधीची असावीत. पहिलं वचन मोठ्याने वाचायचं, मग लगेच पवित्र शास्त्रात तोच उतारा काढून किमान आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच ओव्या वाचायच्या. कोण कोणाला बोलतंय, आणि कुठल्या प्रसंगी, एवढं कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग नव्या कराराचं वचन घ्यायचं आणि ते पहिल्याशी का जोडलं असेल हा प्रश्न स्वतःला विचारायचा. उत्तर एका वाक्यात मावलं पाहिजे. तिसऱ्या मजकुराच्या जागी मराठी घरात ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं जुळणारं कडवं म्हटलं तर उत्तम, कारण अनुवादित जर्मन गीताची चाल आपल्या ओठांवर नसते. शेवटी प्रार्थना, आणि तीत फक्त आजच्या कामांची नावं: कोणाला भेटायचं, काय भरायचं, कशाची भीती वाटते. उद्याचं काही मनात आलं तर ते कागदावर लिहून बाजूला ठेवायचं. लिहिल्याने ते विसरण्याची धास्ती जाते. ती गेली की मन त्याला धरून बसत नाही.

संदर्भ का वाचायचा, याचं उत्तम उदाहरण म्हणजे यिर्मया २९:११. ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ ही ओळ दिवाणखान्यातल्या फ्रेमपासून कपापर्यंत सगळीकडे दिसते. तिच्या आधीचीच ओवी, म्हणजे दहावी, सांगते की बाबेलमध्ये सत्तर वर्षं भरल्यावर हे होईल. यिर्मयाने हे पत्र बाबेलला नेलेल्या ज्या बंदिवानांना लिहिलं त्यांतले बहुतेक तोपर्यंत हयात राहणार नव्हते. पाचव्या-सहाव्या ओवीत त्यांना काय सांगितलंय? घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा. म्हणजे भरवसा ठेवायचा आणि वीस वर्षांत फळ देणारं झाडही लावायचं. ‘देवावर भार टाकला’ म्हणून विम्याचा हप्ता थकवणाऱ्यांनी हा उतारा सावकाश वाचावा. मत्तय ६ मध्ये पाखरांना पेरणी-कापणी करावी लागत नाही असं म्हटलंय. माणसाने पेरू नये असं कुठेच म्हटलेलं नाही.

चुकलेल्या दिवसांचं काय, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात येतो. चार दिवस राहून गेले की पाचव्या दिवशी पाच पानं एकदम वाचायचा मोह होतो. वाचू नयेत. आजच्या तारखेचं पान उघडावं. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना मिळणारं अन्न, माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, रोज गोळा करायचा होता. सकाळपर्यंत राखून ठेवलेल्यात किडे पडले. पुढची पानं आधीच वाचून ठेवण्याची खोडही त्याच जातीची. ‘पुढच्या मंगळवारी शस्त्रक्रिया आहे, त्या दिवशी काय आलंय पाहू’ म्हणून पानं उलटली की पुस्तिकेचा अख्खा हेतू संपला. छापील प्रतीत हे टाळणं कठीण, कारण सगळं वर्ष हातातच असतं. एक कागदी खूण आजच्या पानावर ठेवून पुढचा गठ्ठा रबरबँडने बांधणं हास्यास्पद वाटेल, पण उपाय चालतो. त्याच अध्यायात आणखी एक तपशील आहे जो प्रवचनांत क्वचितच येतो: सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा होती, आणि तो साठा नासला नाही. साठवण म्हणजे अविश्वास, असं सरसकट समीकरण मांडता येत नाही.

त्या दारावरच्या विचारपुशीची भरपाई एकाच माणसाशी जोडी जमवून होते. दोघांनी तेच पान वाचायचं आणि आठवड्यातून एकदा फोनवर दहा मिनिटं बोलायचं: आठवड्यात कुठल्या गोष्टीने झोप उडवली, कुठलं वचन अडलं, कुठलं पटलं नाही. मोठ्या व्हॉट्सअॅप गटावर वचनाचं चित्र टाकणं याला पर्याय नाही. तिथे हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. छातीत धडधड, आठवडे न् आठवडे झोप नाही, घराबाहेर पडवत नाही, अशी अवस्था असेल तर पाळकसाहेबांबरोबर डॉक्टरांकडेही जावं. ‘विश्वास कमी पडतोय’ असं त्या माणसाला सुनावणं क्रूरपणा आहे, आणि त्यासाठी बायबलचा आधार तर मुळीच नाही. संदेष्टा एलिया जेव्हा रोथेमाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, दोनदा झोपू दिलं. बोलणं नंतर झालं.

आवृत्त्यांबद्दल. रोजच्या वापराला साधी आवृत्ती पुरे; कागद पातळ, आकार खिशात मावणारा. साठीच्या पुढच्यांना मोठ्या अक्षरांचीच घ्यावी, साध्या आवृत्तीतला तळचा संदर्भ चष्म्यानेही वाचवत नाही. लिहिण्यासाठी मोकळी जागा असलेली आवृत्ती या विषयापुरती सगळ्यात सरस: रोज एक ओळ, कशाची काळजी होती ते. तीन महिन्यांनी मागे पाहिलं की त्यातलं किती प्रत्यक्षात आलं ते आपोआप दिसतं. तरुणांसाठी वेगळी आवृत्ती आहे, आणि धर्मशिक्षण घेणाऱ्यांसाठी मूळ हिब्रू-ग्रीक मजकुराची. इंग्रजी आवृत्तीत जर्मनपेक्षा मजकूर थोडा जास्त असतो, दोन्ही वचनांना गीताचं कडवं आणि शेवटी रोजची छोटी प्रार्थना, त्यामुळे जर्मन न येणाऱ्याचं काही अडत नाही.

जर्मन अॅप फुकट आहे आणि नीट चालतं. फोनवर पुढचं वर्ष हातात दिसत नसल्याने पानं उलटायचा मोह कमी, हा त्याचा अनपेक्षित फायदा. तोटा असा की वचन सूचना म्हणून येतं, बँकेच्या आणि सामानाच्या सूचनांच्या मधोमध, आणि अंगठ्याने सरकवलं जातं. सूचना बंद करून अॅप स्वतः उघडायची सवय लावावी. शोधताना नाव पूर्ण लिहावं. नुसतं ‘डेली टेक्स्ट’ टाकलं तर यहोवाच्या साक्षीदारांचं दैनिक वचन समोर येऊ शकतं. ते पूर्ण वेगळं प्रकाशन आहे. आणखी एक गोंधळ नेहमीचा: जर्मनीत दरवर्षी जे ‘वर्षाचं वचन’ सगळीकडे फलकांवर दिसतं ते हेर्नहूटच्या चिठ्ठीतलं नाही. ते बायबलवाचनासाठीचा आंतरमंडळीय गट विचार करून निवडतो, आणि ती प्रथा १९३० ची आहे.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मराठी वाचकांना जर्मन प्रत आणि मराठी पवित्र शास्त्र जोडीने वापरताना हटकून अडणारी गोष्ट म्हणजे ओव्यांचे क्रमांक. जर्मन बायबल हिब्रू क्रमाने जातं आणि स्तोत्राचं शीर्षकही बऱ्याचदा ओवी म्हणून मोजतं. त्यामुळे जर्मन स्तोत्र ३४:९ म्हणजे मराठीतलं ३४:८, आणि वर सांगितलेली रथ-घोड्यांची ओळ जर्मनमध्ये २०:८, मराठीत २०:७. शीर्षक लांब असेल तर फरक दोनाचा: जर्मन ५१:१२ चं ‘शुद्ध हृदय’ मराठीत ५१:१० ला सापडतं. यशयाच्या नवव्या अध्यायात एकाचा फरक, म्हणून ‘आम्हांसाठी बाळ जन्मले’ जर्मनमध्ये ९:५ आणि मराठीत ९:६. मलाखी जर्मनमध्ये तीनच अध्यायांचा, तेव्हा ३:२० दिसलं तर मराठीत ४:२ उघडावं. योएल उलट चार अध्यायांचा. तिथलं ३:१ म्हणजे आपलं २:२८. शीर्षक नसलेल्या किंवा अगदी छोटं शीर्षक असलेल्या स्तोत्रांत आणि नव्या करारात सहसा काही करावं लागत नाही. ही पाच-सहा उदाहरणं पुस्तिकेच्या आतल्या कव्हरावर पेन्सिलीने लिहून ठेवली की सकाळची ती दहा मिनिटं ओवी शोधण्यात जात नाहीत.